कुत्र्याची बाजू, मांजरीची बाजू

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. दादा, म्हणजे माझे वडील, सही करायचे तीसुद्धा चित्र काढल्यासारखी, जीभ दातात धरून. अशा घरातल्या माणसानं चारचौघांनी वाचावं असं काही लिहावं का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्यात जे लिहायचं आहे ते माझं नाहीच. ते माझ्या वहिनीचं आणि दादांचं बोलणं आहे, आणि तेही आमच्या घरच्या कुत्र्या-मांजराबद्दलचं. एकदा ते मी न विचारता लिहिलं होतं. या वेळी दोघांना विचारून लिहितो आहे. तरी हात अडखळतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव जवळा बाजारपासून सायकलीनं तासाभरावर. घर साधं, पुढे ओसरी, मागे स्वयंपाकघर, मधे एक खोली आणि तिच्यात धान्याच्या कणग्या. ओसरीवर बोललेलं चुलीपाशी ऐकू जायचं आणि चुलीपाशी बोललेलं ओसरीवर. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, आणि सासराही सुनेशी बोलत नाही. ते भांडण नसतं, तो मान असतो. सासरा आला की सून पदर पुढे ओढते, आणि एकमेकांना काही सांगायचं असलं तर मधे कोणीतरी लागतं. आमच्या घरी मधे माय होती. दादा जेवताना म्हणायचे, हिला सांग, ताक पातळ झालं. माय मान वळवून म्हणायची, ताक पातळ झालं म्हणे. वहिनी दोन हातांवर बसलेली असायची, तिनं पहिल्यांदाच ऐकलेलं असायचं, तरी ती मायकडेच पाहून म्हणायची की म्हैस आटत आली म्हणावं. मग माय ते दादांना सांगायची. कोणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

मी बारावीत असताना माय गेली. भाऊ, माझा मोठा भाऊ, वारंगा फाट्यावर एका मालकाचा टेम्पो चालवायचा आणि आठवड्यातून एखादा दिवस घरी यायचा. म्हणजे मधे राहिलो मी. मी अभ्यासाला बसलो की दादा म्हणायचे, वैनीला सांग, उद्या मला लवकर शेतात जायचं हाय. वहिनी आतून म्हणायची, भावजी, सांगा, भाकर बांधून ठेवते. मला त्याचा वैताग यायचा. दोघांनी ऐकलं आहे, मग मी पुन्हा का सांगायचं? मी पुस्तकातून मान वर न काढता, पाढे म्हटल्यासारखं, तेच वाक्य पुन्हा म्हणायचो. दोघं माझ्यावर रागावले नाहीत. माझं ते म्हणणं त्यांना पुरत होतं.

बारावी झाली आणि मी बी.ए.ला हिंगोलीला आलो. निघताना ट्रंकेत काय भरायचं, खोलीचे सोबती कसे असतील, स्टोव्ह कोणी पेटवायचा, सगळ्याचा विचार केला. घरी आता निरोप कोण सांगणार, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. आज हे लिहिताना खोटं वाटेल, पण खरंच आलं नाही.

पहिल्या सुट्टीत घरी गेलो. सायकल भिंतीला टेकवत होतो तेव्हा ओसरीवरून दादांचा आवाज आला. मला वाटलं पाहुणे आलेत. पाहतो तर समोर कुत्रं बसलेलं. तांबडं, एका कानाचं टोक तुटलेलं, दादांच्या मागेमागे शेतात जाणारं आमचं कुत्रं. आमच्याकडे जनावरांना नावं ठेवायची पद्धत नव्हती. कुत्र्याला कुत्रं म्हणायचं आणि मांजरीला मांजर.

दादा भाकरीचा तुकडा हातात धरून त्याला म्हणत होते, "बघ रे, मोठ्या घरी भाकरीसंगं मीठ बी देतात म्हणे. आपल्याला काय ठाऊक, आपण गरीब."

आत चुलीपाशी करडी मांजर अंगाचं वेटोळं करून बसली होती. वहिनी भाकरी थापता थापता तिला म्हणाली, "बाई, मीठ चुलीत उगवत न्हाई. बाजारात भेटते. बाजाराला जाणाऱ्यानं आणलं तर आपण वाढू."

दादांनी जेवण झाल्यावर पिशवी झटकून दाराशी अडकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी जवळ्याचा बाजार होता. मीठ आलं.

मी ओसरीच्या पायरीवर बसून तोंड दाबून हसलो. माझी जागा कुत्र्यानं आणि मांजरीनं घेतली होती, आणि माझ्यापेक्षा बरी सांभाळली होती. निरोप पोहोचवताना ती दोघं वैतागत नव्हती.

नंतर प्रत्येक सुट्टीत मी ऐकत गेलो. सुरुवातीला मीठ, तेल, लाकडं, वैरण एवढंच असायचं. मग त्यात गंमत यायला लागली. दादा कुत्र्याच्या बाजूनं बोलायचे आणि वहिनी मांजरीच्या. कोण आपल्या मालकाला कसं वागवतं, यावर त्यांचं रोज चालायचं. दादा म्हणायचे, मालक गावाला गेला तर कुत्रं दारात बसून वाट पाहते की कवा येईल, अन् मांजर चुलीपाशी बसून वाट पाहते की कवा जाईल. वहिनी मांजरीला सांगायची, तू काही मनाला लावून घेऊ नको, कुत्रं दारात बसते ते मालकासाठी न्हाई, मालकाच्या हातातल्या पिशवीसाठी. दादा कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचे की तू घर राखतो, पण घर तुझं न्हाई. ती काही राखत न्हाई, पण घर तिचं हाय, आपण दोघं तिच्या घरी भाड्यानं राहून राहिलो. यावर वहिनी मांजरीला विचारायची, मग भाडं कवा देणार म्हणे?

एकदा मांजरीनं उंदीर धरून ओसरीवर दादांच्या पायाशी आणून ठेवला. दादांनी तो पाहिला आणि कुत्र्याला म्हणाले, "पाहिलं? मालकाला दाखवते, खाऊ देत न्हाई." वहिनी आतून म्हणाली, "बाई, तू निदान दाखवते तरी. काही जण निस्तं भुकून सांगतात की उंदीर आत्ताच गेला." मी त्या दिवशी पोट धरून हसलो. दादांच्या मिशा हलल्या. त्या मायच्या मागं पहिल्यांदा हललेल्या मी पाहिल्या.

मला हे कोणाला तरी सांगावंसं वाटायचं. हिंगोलीत माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायचो. शहरातली पोरं हिंदी मिसळून भराभर बोलायची, मी बोललो की त्यांना माझं 'का'च्या जागी येणारं 'काहून' ऐकू यायचं आणि ती तेच माझ्या तोंडावर म्हणून दाखवायची. त्यात वाईट काही नव्हतं, पण मी बोलणं कमी केलं. मराठीचे सर भित्तिपत्रक काढायचे. लायब्ररीच्या बाहेर भिंतीवर काचेच्या चौकटीत पोरांचं लिखाण लावायचे. सरांनी सगळ्यांना काहीतरी लिहून आणा म्हटलं. कोणी आईवर कविता आणली, कोणी देशावर. मी आमच्या घरची ही कुत्र्या-मांजराची वाक्यं एका कागदावर लिहून नेली, आणि सर एकटे असतील तेव्हा देता यावीत म्हणून बराच वेळ स्टाफरूमबाहेर उभा राहिलो.

सरांनी वाचलं, हसले. मग म्हणाले की छान आहे, पण वाचणाऱ्याला घोळ होतो. कुत्र्याच्या नावानं कोण बोलतं, मांजरीच्या नावानं कोण, कोणाला लागावं म्हणून, हे कळत नाही. कोण कोणाला म्हणतं ते स्पष्ट लिहा.

सरांचं बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं. मी खोलीवर येऊन पुन्हा लिहिलं. प्रत्येक वाक्याच्या आधी घातलं: सासरा कुत्र्याला म्हणतो, पण ऐकवतो सुनेला. सून मांजरीला म्हणते, पण ऐकवते सासऱ्याला. आता कोणालाही कळलं असतं.

कागद भिंतीवर लागला. पोरं थांबून वाचायची. स्नेहसंमेलनात सरांनी मला ते स्टेजवर म्हणायला लावलं. मी दादांचा आवाज काढला, वहिनीचा काढला, पदर ओढल्यासारखं केलं. मांडव हसला. दुसऱ्या दिवशी एक मुलगा, ज्यानं कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, कॅन्टीनमध्ये मला म्हणाला, "क्या रे, भाडा कब देगा?" आणि त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. तो चहा मला अजून आठवतो. इतका गोड लागला की त्याची लाज वाटते.

शिवरात्रीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आमच्या शेतात हळद शिजत होती. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काढलेली ओली हळद मोठ्या कढईत घालतात, वरून पाला आणि गोणपाट झाकतात आणि खालून जाळ लावतात. मग थांबायचं. वाफ कशी येते, वास कसा येतो यावरून अंदाज घ्यायचा आणि काडी टोचून पाहायची. काडी सहज गेली की लगेच काढायची. जास्त झालं तर रंग जातो. आमच्याकडे तो वास सगळ्यात आधी वहिनीला कळायचा. त्या वेळी गावातली आठदहा माणसं मदतीला होती. बाप्ये एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला, कुत्रं मधे सावलीत. थांबण्याच्या वेळात गप्पा निघतात. कोणीतरी मला विचारलं, कॉलेजात काय शिकून राहिला, काही तरी म्हणून दाखव.

मी म्हणून दाखवलं.

हिंगोलीत जसं म्हटलं होतं तसंच, त्याच आवाजात. मला वाटलं दादांना अभिमान वाटेल. वहिनीला वाटेल की तिची वाक्यं शहरातल्या लोकांना आवडली. मी प्रत्येक वाक्याआधी सांगत गेलो, हे सासरा सुनेला ऐकवतो, हे सून सासऱ्याला ऐकवते. लोक हसत होते. त्या हसण्यातच माझ्या वडिलांची चुलतभावजय, जिला आम्ही मोठी माय म्हणायचो, ती डोळे पुसत म्हणाली, "म्हंजे सून सासऱ्याला तोंडावर बोलून राहिली, अन् सासरा बी सुनेला टोमणे मारून राहिला. निस्तं नाव जनावराचं. आमाला काय माहीत, तुमच्याकडं असं चालते म्हणून."

तिनं थट्टेनंच म्हटलं. लोक अजून हसले.

वहिनीनं पदर पुढे घेतला, इतका की हनुवटीसुद्धा दिसेना, आणि ती बायांच्या मागे जाऊन बसली. दादा उठून जाळात लाकूड सारायला गेले. जाळ चांगला होता, लाकडाची गरज नव्हती. ते तिथेच पाठमोरे बसून राहिले.

मी अजून तोंडावर हसू घेऊन उभा होतो. तेवढ्यात मला वास आला. हळदीचा वास बदलला होता. मला कळला म्हणजे वहिनीला कितीतरी आधी कळला असणार. कुत्रं तिच्या समोरच होतं. एरवी ती त्याला म्हणाली असती की जरा बघ रे बाबा, कढई काय म्हणते. ती काही म्हणाली नाही. दादा जाळाकडे पाहत राहिले. दुसऱ्या कोणीतरी गोणपाट उचललं तेव्हा हळद लगदा झाली होती.

 

पुढच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा घर ऐकू येत नव्हतं. दुसरा शब्द मला सुचत नाही. वहिनी भाकरी आणि कोरड्यास, म्हणजे भाजी, ताटात वाढून उंबऱ्यावर ठेवायची आणि भांडं वाजवायची. दादा उठून घ्यायचे. मीठ दोनदा आलेलं, तेल संपलेलं. कुत्रं दादांच्या तोंडाकडे पाहत बसायचं, त्याला त्या वेळी काहीतरी ऐकायची सवय होती. दादा त्याला भाकर टाकायचे आणि दुसरीकडे पाहायचे. मांजर वहिनीच्या पायाला अंग घासून जायची. वहिनी तिला पायानं हळूच बाजूला सारायची.

मी मूर्खासारखा मधे पडायचा प्रयत्न केला. दादा, वैनी म्हणते तेल संपलं. दादा म्हणाले, बरं. वैनी, दादा म्हणतात बरं. वहिनी म्हणाली, ऐकलं. ते पूर्वीसारखं होईना. पूर्वी मी निरोप सांगायचो तेव्हा पोरगा होतो. आता मी तो होतो ज्यानं सांगितलं.

उन्हाळा लागताच वहिनी वारंगा फाट्याला माझ्या भावाकडे राहायला गेली. भाडं, पाणी, सगळी तकलीफ असूनही भावानं तिथे खोली केली. लोकांना सांगायला कारण चांगलं होतं, त्याच्या जेवणाचे हाल होतात म्हणून. दादांनी जाऊ नको म्हटलं नाही. कोणाला म्हणणार? मांजर काही दिवस थंड चुलीपाशी बसली, मग मोठ्या मायकडे जायला लागली आणि तिकडचीच झाली. दादा एकटे भाकरी थापायचे. त्यांच्या भाकरी मी खाल्ल्या आहेत. एका बाजूनं करपलेल्या, दुसऱ्या बाजूनं कच्च्या. मायच्या मागंही न बिघडलेलं घर माझ्या एका म्हणण्यानं रिकामं झालं, आणि ते म्हणणं तर खोटंही नव्हतं.

मी दादांना म्हटलं की मी कॉलेज सोडून घरी येतो. वहिनीला परत आणू, मी मधे राहीन, पूर्वीसारखं. दादा खुरप्याला धार लावत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"निरोप्याची नोकरी करायला मी तुला शाळेत घातलं न्हाई," ते म्हणाले.

मग मी वारंगा फाट्याला गेलो. खोली रस्त्याच्या कडेला, पंक्चरच्या दुकानामागे. ट्रक गेला की भांडी वाजायची. वहिनीनं चहा केला. तिच्याशी मी थेट बोलू शकत होतो, दिराला ती मोकळीक असते. मी माफी मागितली. कशी मागितली आठवत नाही, बहुतेक पुस्तकातल्यासारखी मागितली असेन.

वहिनी म्हणाली, "तुमी खोटं थोडंच बोलले भावजी. खोटं बोलले असते तर मी बी हसले असते." मग कपातली साय बोटानं काढत म्हणाली, "आमाला दोघाईला ठाऊक होतं की कोण कोणाला बोलून राहिलं. पण ठाऊक हाय असं कोणी म्हटलं नव्हतं. आता मांजरीला काही म्हणायला तोंड उघडलं की वाटते, गाव ऐकून राहिला."

मी निघायला उठलो तेव्हा ती दाराशी आली, आणि रस्त्याकडे पाहत विचारलं, "त्या कुत्र्याला भाकर भेटते का बराबर?"

मी बोलणारच होतो की दादा ठीक आहेत, जेवतात. शब्द तोंडापर्यंत आला होता. तो गिळला. म्हटलं, "भेटते. पण करपलेली."

वहिनीनं मान हलवली. "पातळ थापावं म्हणावं," ती म्हणाली, आणि आत गेली.

तिथून मी हिंगोलीला न जाता घरी गेलो. दादा ओसरीवर होते, कुत्रं पायाशी. मी पाय धुतले आणि दादांकडे न पाहता कुत्र्याजवळ बसलो. मला फार लाज वाटत होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला मी, कुत्र्याशी बोलणार होतो, आणि दादांना कळणार होतं की मी का बोलतो आहे. तरी बोललो. म्हटलं, "तुझी चौकशी झाली रे. तुला भाकर भेटते का म्हणून. अन् पातळ थापावी म्हणे."

कोणी विचारलं ते मी सांगितलं नाही. कोण कोणाला म्हणतं ते स्पष्ट केलं नाही. भित्तिपत्रकासाठी शिकलो होतो ते सगळं मी त्या एका वाक्यातून काढून टाकलं.

 तंबाखूची चिमूट दादांच्या हातात होती, ती तशीच राहिली. बऱ्याच वेळानं ती तोंडात टाकून ते झोपायला गेले. सकाळी मी निघालो तेव्हाही काही नाही. मला वाटलं, हेही वाया गेलं. कदाचित आता माझ्या तोंडून कुत्र्याचं नावही त्यांना सोसत नसेल.

हिंगोलीला परत आलो. पेपर जवळ आले होते. भित्तिपत्रकासाठी सरांनी पुन्हा विचारलं, त्या कुत्र्या-मांजराचा दुसरा भाग आणा म्हणाले. मी म्हटलं, सर, आता घरी कोणी बोलत नाही. सर हसले, त्यांना ते विनोदी वाटलं असावं. त्यांच्यावर राग नव्हता. माझी चूक सरांच्या खात्यावर टाकावी असं अनेकदा मनात आलं, पण सरांनी भिंतीसाठी सांगितलं होतं. ते शेतात कढईपाशी म्हणून दाखव, असं काही ते म्हणाले नव्हते.

त्या दिवसांत मी संध्याकाळी स्टेशनच्या बाजूला जाऊन बसायचो. घरी कोणाकडे फोन नव्हता, बातमी आली तर गावच्या कोणा माणसाकडून यायची, आणि गावचा माणूस दिसला की मी गल्ली बदलायचो. न जाणो तो काय सांगेल.

पेपर संपत आले असतील, तेव्हा एक दिवस खोलीबाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भाऊ होता. मोंढ्याच्या बाजारात हळदीची पोती उतरवून आला होता, सदरा पिवळा झालेला. टेम्पोच्या पायरीवर बसूनच तो बोलला. भाऊ फार बोलणारा नाही, आणि त्या दिवशी त्याला बोलताना आपण काय सांगतो आहोत हेच नीट कळत नव्हतं.

तो म्हणाला, दादा जवळ्याच्या बाजाराला गेले होते ते घरी न येता तिथूनच एसटी धरून, गाड्या बदलत, वारंग्याला आले. हातात बाजाराची पिशवी. कधी आले नव्हते ते आले, म्हणून वहिनी घाबरली, पदर घेऊन आत गेली. दादा बाहेर दगडावर बसले. पाणी प्यायले. काही बोलेनात. भाऊ विचारतो काय झालं, तर काही नाही म्हणत. मग पिशवी हलली. तिच्यात मांजरीचं पिल्लू होतं, एवढंसं, काळं-पांढरं. बाहेर निघून ते ओरडायला लागलं.

"दादा अन् मांजर?" मी म्हटलं.

"मी बी तेच म्हटलं. तर माझ्याकडं पाहिलं बी न्हाई. त्या पिल्लालाच म्हणाले, वरडू नको, तुझं घर चुलीपाशी असते, अन् आपल्या घरची चूल मला नीट पेटवता येत न्हाई."

मी विचारलं, मग?

"मग तुझी वैनी आतून म्हणाली, त्याला इचारा, कुत्र्याची परवानगी घेऊन आलं का. कोणाला म्हणाली काय माहीत. मी काय सांगणार? तर दादाच पिल्लाला म्हणाले, सांग, कुत्र्यानंच धाडलं." भावानं डोकं खाजवलं. "दोघाईला काय झालं होतं कोणास ठाऊक. तू काहून रडून राहिला?"

मी काही नाही म्हटलं. त्याला समजावून सांगावं असं क्षणभर वाटलं, ते सांगितलं नाही. खोलीचं काय केलं, एवढंच विचारलं.

"खाली केली," भाऊ म्हणाला. "वैनी कालच घरी गेली. माझ्याच टेम्पोत नेऊन सोडलं. दादा मागं पोत्यावर बसले, ती पुढं. पिल्लू तिच्या मांडीवर होतं, अन् वारंग्यापासून घरापर्यंत तिची बडबड चालली होती त्याच्याशी."